लेकीसाठी सॉकर क्लब निवडताना: लीगची नावं बदलतायत, वयोगटही बदलतोय, मग बघायचं काय?

वसंत ऋतू सुरू झाला, ट्रायआउटच्या, म्हणजे क्लबच्या निवड चाचणीच्या तारखा लागल्या, की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींच्या क्लब सॉकरमधल्या दोन वरच्या लीगबद्दल एक प्रश्न हमखास येतो: ईसीएनएल घ्यावं की जीए? विचारणाऱ्यांची मुलगी बहुधा अकरा-बारा वर्षांची असते. गावच्या रेक्रिएशनल संघात खेळत ती वर आलेली असते आणि कुठल्यातरी कोचनं ‘हिला कॉम्पिटिटिव्ह क्लबला घाला’ असं सांगितलेलं असतं. आता त्यात भर म्हणजे 2026-27 च्या हंगामापासून वयोगट मोजायची तारीखच बदलते. म्हणजे ज्या संघाबद्दल तुम्ही चौकशी करताय, तो संघ पुढच्या वर्षी त्याच मुलींचा असेलच असं नाही.

माझं मत आधीच सांगते. लीगचं नाव ही या निवडीत शेवटी बघायची गोष्ट आहे. बिनमहत्त्वाची नव्हे, पण शेवटची. आपण ती पहिली बघतो, कारण तेवढीच बाहेरून दिसते.

ही अक्षरं आली कुठून

ईसीएनएल, म्हणजे एलिट क्लब्ज नॅशनल लीग, 2009 मध्ये सुरू झाली ती मुलींसाठीच. मुलांची शाखा 2017 मध्ये निघाली. त्याच 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर महासंघानं मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली. तिथे खेळणाऱ्या मुलींना हायस्कूलच्या संघातून खेळता येत नसे, आणि बऱ्याच घरांना ते पटलं नाही. काही नामांकित क्लब ईसीएनएल सोडून तिकडे गेले, त्यातले काही पुढच्या एकदोन वर्षांतच परत फिरले. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, महासंघानं ती अकॅडमीच बंद केली. उरलेल्या क्लबांपैकी अनेकांनी मिळून काही आठवड्यांत गर्ल्स अकॅडमी उभी केली. तीच आजची जीए.

तीन वर्षांत एक अख्खी राष्ट्रीय लीग आली आणि गेली. तिच्या भरवशावर ज्यांनी रोज तास-दीड तासाचं ड्रायव्हिंग पत्करलं होतं, त्यांच्या हातात काय राहिलं? कोच आणि मैत्रिणी. दोन्ही चांगल्या निघाल्या असतील तर काही बिघडलं नाही.

आज साधारण चित्र असं आहे. वर ईसीएनएल आणि जीए. ईसीएनएलच्या खाली तिचीच रीजनल लीग, जीएच्या खाली जीए अस्पायर. त्यांच्या जोडीला डीपीएल, एनपीएल, यूएस यूथ सॉकरची नॅशनल लीग आणि राज्याराज्यांच्या लीग. वरच्या दोन लीगमध्ये जागा क्लबला मिळते आणि ती मिळते अर्जावर. मैदानात जिंकून वर चढणं किंवा हरून खाली जाणं हा तिथला नेहमीचा मार्ग नाही. त्यामुळे क्लब एक लीग सोडून दुसरीत गेला, तर त्याचा संबंध मुलींच्या खेळापेक्षा दोन संस्थांमधल्या बोलणीशी जास्त असतो.

आधी जन्मतारीख आणि इयत्ता

इथे थोडं डोकं लावावं लागेल, पण यावर पुढचं सगळं उभं आहे.

2016-17 च्या सुमारास देशभर जन्मवर्षाची पद्धत आली: एका कॅलेंडर वर्षात जन्मलेल्या सगळ्या मुली एका गटात. त्यात ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलींची पंचाईत व्हायची. वर्गातल्या मैत्रिणी एका संघात आणि ही वरच्या इयत्तेतल्या मुलींबरोबर. आठवीत असताना तर हाल विचारू नका. संघातल्या नववीच्या मुली हायस्कूलच्या हंगामाला निघून जात आणि ही एकटी मागे. 2026-27 पासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या मोठ्या संस्थांच्या छत्राखाली 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा गट धरला जातो, म्हणजे शाळेच्या वर्षाशी जुळणारा.

उदाहरण घेऊ. 2025-26 मध्ये 2013 सालच्या सगळ्या मुली अंडर-13 मध्ये एकत्र आहेत. 2026-27 मध्ये त्यांतल्या जानेवारी ते जुलैवाल्या अंडर-14 ला जातात आणि 2012 च्या ऑगस्ट-डिसेंबरवाल्या मुलींना मिळतात. ऑगस्ट ते डिसेंबर 2013 वाल्या मात्र पुन्हा अंडर-13 मध्येच खेळतात, या वेळी 2014 च्या पूर्वार्धातल्या मुलींसोबत. संघाचे असे सरळ दोन तुकडे पडतात.

म्हणून लेकीचा जन्म ऑगस्टनंतरचा असेल, तर ती अचानक आपल्या गटातली मोठी मुलगी होते. काल बाकावर बसणारी आज पहिल्या अकरात येऊ शकते. जानेवारी-जुलैवाल्या मुलींचं उलट: आतापर्यंत गटात सगळ्यात मोठ्या होत्या, आता वरून आणखी मोठ्या मुली येणार. दोन्ही बाजूंनी एक हंगाम थोडा धीर धरा. या एका वर्षातल्या चढउतारावरून ‘हिच्यात दम आहे’ किंवा ‘हिच्यात नाही’ असा निकाल लावू नका. बरंचसं काम कॅलेंडर करतंय.

शाळेच्या प्रवेशाची तारीख सगळीकडे सारखी नसते, हेही ध्यानात ठेवा. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ती 1 सप्टेंबर आहे. न्यूयॉर्क शहरात 31 डिसेंबर, त्यामुळे तिथली ऑक्टोबर 2013 ची मुलगी 2026-27 मध्ये आठवीत असेल, पण वयाप्रमाणे सातवीच्या मुलींच्या गटात बसेल. अशा घरांनी क्लबला थेट विचारावं: हिला इयत्तेप्रमाणे एक गट वर खेळवाल का? पुढे कॉलेजचे कोच मुलीचं ग्रॅज्युएशनचं वर्ष धरून चालतात, म्हणून हा प्रश्न आज विचारलेला बरा.

मग नकाशा आणि कॅलेंडर

क्लबच्या मैदानाचा पत्ता गूगल मॅप्सवर टाका, पण रविवारी सकाळी नव्हे. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला टाका. सराव आठवड्यातून तीन, कधी चार दिवस असतो. जाऊन-येऊन दोन तास लागत असतील, तर गृहपाठ गाडीत, जेवण गाडीत, धाकट्या भावंडाची संध्याकाळही गाडीत. कारपूल होईल असं गृहीत धरू नका. ‘आमच्या बाजूनं अजून कोण येतं?’ हे टीम मॅनेजरला विचारून घ्या.

मग वर्षाचं कॅलेंडर मागून घ्या. गेल्या हंगामाचं असलं तरी चालेल. आपल्या घरांचे काही ठरलेले पेच असतात. रविवारची मराठी शाळा आणि रविवारचे सामने एकमेकांवर येतात. गणपती येतात तेव्हा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. जुलैअखेरीस भारतातून परतायचं तिकीट असतं आणि तेव्हाच प्रीसीझन सुरू होतो. डिसेंबरात भाचीचं लग्न आणि फ्लोरिडात शोकेस, म्हणजे कॉलेजचे कोच खेळाडू बघायला येतात ती स्पर्धा. यातलं काय सोडायचं हे घराघराचं गणित आहे, त्यात मी पडत नाही. मात्र उन्हाळ्यात महिनाभर आजीआजोबांकडे जाणारच असाल, तर ते ट्रायआउटच्या वेळीच कोचला सांगा. बहुतेक कोच समजून घेतात. ऐनवेळी कळलं तर मात्र समजून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

हायस्कूलचा हंगाम राज्यागणिक वेगळा असतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायोमध्ये मुलींचं सॉकर शरद ऋतूत. दक्षिण कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये हिवाळ्यात. जॉर्जिया, इलिनॉय आणि नॉर्थ कॅरोलायनात वसंतात. ईसीएनएल आणि जीए दोन्हीकडे हायस्कूलला खेळता येतं. तरी त्या काळात क्लबचा सराव पूर्ण थांबतो, कमी होतो की ‘ऐच्छिक’ नावाखाली सक्तीचाच राहतो, हे मोठ्या मुलींच्या पालकांना विचारा. कोचला विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही.

कोच: क्लबचा नव्हे, संघाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. मोठ्या क्लबचा डायरेक्टर उत्तम बोलतो, तेच त्याचं काम आहे. पण तुमची लेक मंगळवारी-गुरुवारी ज्याच्यासमोर उभी राहणार, तो माणूस कोण? पुढच्या हंगामात या वयोगटाला कोण शिकवणार हे नाव घेऊन विचारा. ‘अजून ठरायचंय’ असं उत्तर आलं तर ते उत्तर म्हणूनच लिहून ठेवा.

परवान्यांची उतरंड सोपी आहे: ग्रासरूट्स, मग डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. अकरा-बारा वर्षांच्या मुलींना डी किंवा सी परवान्याचा मन लावून शिकवणारा कोच पुष्कळ. त्या वयात ए परवानेवाला, पण एकाच वेळी चार संघ सांभाळणारा आणि निम्म्या सामन्यांना सहायकाला पाठवणारा कोच माझ्या यादीत खाली जातो.

प्रत्यक्ष बघायला जा. हंगाम चालू असताना दुसऱ्या क्लबच्या सरावाला मुलीला उतरवण्याबाबत काही राज्यांत आणि लीगमध्ये नियम आहेत, तेव्हा मुलीला न्यायचं असेल तर आधी विचारा. पालकानं कडेला उभं राहून एखादा सामना पाहायला कोणाची हरकत नसते. आणि हा सामना संघ हरत असताना बघायला मिळाला तर उत्तमच. तीन गोल खाल्ल्यावर कोच काय बोलतो? चूक केलेल्या मुलीला लगेच बाहेर काढतो की खेळू देतो? गोलकीपर चेंडू छोट्या पासनं पुढे देते की दर वेळी लांब फटका मारते? बाकावरच्या मुली एकमेकींशी बोलतायत की मोबाइलसारख्या बंद पडून बसल्यात? कडेचे पालक काय ओरडतायत तेही ऐका. पुढची काही वर्षं तुमचे शनिवार त्यांच्याच सोबत जाणार आहेत.

खेळायला मिळणार का

एकाच क्लबचे एका वयोगटात दोन-तीन संघ असतात. पहिला ईसीएनएलमध्ये, दुसरा तिच्या रीजनल लीगमध्ये, तिसरा आणखी कुठे. जाहिरातीत पहिल्याचं नाव असतं, तुम्हाला येणारी ऑफर दुसऱ्याची असू शकते. म्हणून ऑफर आली की आधी हे: कोणता संघ, कोणती लीग, रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत किती मुली, तिच्या जागेवर खेळणाऱ्या आणखी किती?

बारा-चौदाच्या वयात मोठ्या नावाच्या संघाच्या बाकावर बसण्यापेक्षा एक पायरी खालच्या संघात पूर्ण सामना खेळणं मला जास्त मोलाचं वाटतं. सोळाव्या वर्षी हे गणित बदलू शकतं, कारण तेव्हा सरावातले प्रतिस्पर्धी आणि बघायला येणारे कॉलेज कोच यांनाही किंमत असते. ‘दुसऱ्या संघातून पहिल्या संघात मुली जातात’ असं क्लब म्हणतच असतो. गेल्या दोन वर्षांत या वयोगटात प्रत्यक्ष किती गेल्या, हे विचारा. आकडा नसेल तर हसून विषय बदलतील, तेवढ्यानंही कळतं.

गुडघा

याबद्दल क्लबच्या माहितीसभेत क्वचितच बोललं जातं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातलं एसीएल अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा काही पटींनी जास्त आढळतं. शस्त्रक्रिया आणि नंतर नऊ महिने ते वर्षभर मैदानाबाहेर. हा धोका कमी करता येतो. फिफा 11+ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: धावणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, मग पुन्हा वेगात धावणं. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या क्लबांमध्ये त्याची मोठी चाचणी होऊन निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. तो करणाऱ्या मुलींमध्ये गंभीर आणि अतिवापराच्या दुखापती लक्षणीय कमी होत्या.

तेव्हा सरावाची पहिली वीस मिनिटं बघा. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतोय का, हे कोणी बघतंय? की मैदानाला दोन फेऱ्या आणि चला? शनिवार-रविवारी तीन-चार सामने खेळवणाऱ्या स्पर्धा वर्षात किती, हेही विचारा. हायस्कूल, क्लब आणि खासगी कोचिंग एकाच आठवड्यात आलं तर कोणता दिवस सुट्टीचा, हे कोच आपण होऊन सांगत नसेल तर ते पालकांनीच ठरवावं लागतं.

सुरक्षितता

अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या शोषणाबद्दल सॅली येट्स यांचा अहवाल ऑक्टोबर 2022 मध्ये आला. त्या वृत्तीची मुळं यूथ सॉकरपर्यंत जातात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे ‘गुरू आहेत, कडक असणारच’ म्हणून बरंच सोडून दिलं जातं. इथे सोडू नका.

खेळातल्या गैरवर्तनाच्या तक्रारी बघणाऱ्या यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टच्या संकेतस्थळावर कारवाई झालेल्या व्यक्तींची यादी सगळ्यांना शोधता येते. कोचचं नाव त्यात टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. अल्पवयीन खेळाडूला कोचनं एकट्यानं खासगी मेसेज करायचा नाही, पालक किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती त्यात असलीच पाहिजे, असा नियम आहे. क्लब हा नियम कसा पाळतो, टीमस्नॅपसारख्या ॲपवरच सगळं बोलणं होतं का, प्रवासात खोल्या कशा वाटतात, हे विचारताना संकोच करायचं कारण नाही. चांगल्या क्लबकडे याचं उत्तर तयार असतं. मुलींना वजनावरून किंवा अंगावरून बोलणारा कोच असेल, तर त्याचा परवाना कोणताही असो, पुढचा क्लब बघा.

पैसे आणि कराराचा कागद

पैशाचं विचारायला आपल्याला भीड पडते. वेबसाइटवरची फी वाचून आपण गप्प बसतो आणि ऑक्टोबरात पहिलं विमानाचं बिल आलं की डोळे पांढरे होतात. वरच्या लीगमध्ये फी काही हजार डॉलर असतेच. त्यापलीकडे गणवेशाचा संच, स्पर्धांचे पैसे, कोचच्या प्रवासातला तुमचा वाटा, आणि ‘स्टे टू प्ले’, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायची अट. सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे त्याच वयोगटातल्या एखाद्या पालकाला विचारणं: ‘गेल्या वर्षी सगळं मिळून किती गेले?’ आणि वरच्या एका वयोगटातल्या पालकालाही, कारण खर्च वयाबरोबर वाढतो. फीमध्ये सवलत बऱ्याच क्लबांत मिळते, पण मागावी लागते आणि लवकर मागावी लागते.

सही करण्याआधी कागदात एवढं शोधा: डिपॉझिट परत मिळतं का, मुलगी जायबंदी झाली तर उरलेल्या हप्त्यांचं काय, तुमची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तर काय, मध्येच क्लब सोडायचा झाला तर खेळाडू म्हणून मुक्तता कशी मिळते, आणि सही झाल्यावर क्लबनं लीग बदलली किंवा कोच गेला, तर बाहेर पडता येतं का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक करारांत उत्तर नसतंच. तरी ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. सध्याच्या धामधुमीत हा मुद्दा पोकळ नाही.

कॉलेजचं गाजर

‘ईसीएनएलमध्ये गेली की स्कॉलरशिप’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. मोठ्या लीगच्या शोकेसला कॉलेज कोच जास्त येतात हे खरं. पण आज दार अरुंद झालंय. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाऊस खटल्यात जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांत महिला सॉकर संघाला 28 खेळाडूंची मर्यादा आली. आधी अनेक संघांत त्याहून जास्त मुली असायच्या. शिवाय दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफर होऊन येणाऱ्या, वयानं मोठ्या खेळाडू कोचना आयत्या मिळतात. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्री कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, पण अभ्यासात बरी असलेल्या मुलीला तिथे प्रवेशाच्या वेळी खेळाची मदत होऊ शकते. आपल्या घरांत हा मार्ग जास्त लागू पडतो, आणि तो फक्त ईसीएनएलमधूनच जातो असं नाही.

डिव्हिजन वनचे कोच मुलीशी थेट संपर्क साधू शकतात तो दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासून. त्यामुळे सहावी-सातवीच्या मुलीच्या पालकांना कॉलेजचं स्वप्न विकणारा क्लब घाई करतोय. या वयात एवढंच विचारा: गेल्या तीन वर्षांत बारावी झालेल्या तुमच्या मुली कुठे गेल्या, सगळ्यांची यादी द्या. मोठ्या कॉलेजात गेलेल्या चौघींचे फोटो भिंतीवर असतात. बाकीच्या चौदाजणी कुठे गेल्या त्यात जास्त माहिती असते.

ट्रायआउटचा आठवडा

क्लब दोन किंवा तीनच निवडा आणि त्यांचा क्रम ट्रायआउटच्या आधी, मुलीला सोबत बसवून ठरवा. ऑफर आली की उत्तरासाठी एक-दोन दिवसच देतात आणि त्या घाईत हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला होतं. पसंतीच्या क्लबकडून उत्तर यायचं असेल तर दुसऱ्याकडे सरळ मुदत मागा. ‘आम्हाला शुक्रवारपर्यंत वेळ मिळेल का?’ एवढं पुरतं. नाही म्हणाले तर तुमचा क्रम तयार आहेच.

लेकीला एकच गोष्ट वेगळी बाजूला घेऊन विचारा: सरावाच्या शेवटी तुला अजून खेळावंसं वाटत होतं का? ‘बरं होतं’ आणि ‘कधी परत जायचं?’ यांतला फरक आईबापांना सांगावा लागत नाही. आठवीच्या पुढची असेल तर कोचला आभाराची, होकाराची किंवा नकाराची ईमेल तिलाच लिहू द्या, तुम्ही फक्त कॉपीवर राहा.

नकार कळवायला विसरू नका. जुन्या क्लबलाही, नव्यालाही, त्याच दिवशी. प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या मुलीची जागा त्यावर अडलेली असते, आणि ही माणसं पुढच्या वर्षी समोरच्या बाकावर भेटणारच असतात. सही झाली की कराराची प्रत, फीच्या हप्त्यांच्या तारखा, डिपॉझिट परत मागायची शेवटची तारीख आणि ते ईमेल एका फोल्डरमध्ये टाका. भारताचं तिकीट त्यानंतर काढा.